डॉ. आनंदीबाई जोशी आणि दहा दिवसांचे बाळ

दरवर्षी आठवीच्या नव्या वर्गास आम्ही एक प्रश्न विचारीत असतो. आनंदीबाई जोशी कोण होत्या, हा तो प्रश्न होय. प्रश्न संपतो न संपतो तोच हात वर होतात. सातासमुद्रांपलीकडे जाऊन डॉक्टर झालेली महाराष्ट्रातील पहिली स्त्री, हे उत्तर बहुतेकांस तोंडपाठ असते. मग आम्ही दुसरा प्रश्न टाकतो. या बाईंस डॉक्टर व्हावेसे का वाटले? तेव्हा हात हळूहळू खाली येतात, आणि वर्गात अशी शांतता पसरते की शेजारच्या वर्गातील भूमितीचा पाठ आमच्या वर्गास ऐकू यावा.

यंदाच्या अंकासाठी चरित्रलेख लिहिण्याचे काम आमच्याकडे आले तेव्हा हीच शांतता आम्हांस आठवली. शिवाय दुसरेही एक कारण होते. आमचा गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. तोवर भंडारा हेच आमचे जिल्ह्याचे ठिकाण. त्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या कक्षास आग लागली आणि दहा तान्ही बाळे दगावली. त्या सकाळी आमच्या गावातील एकही घर असे नसेल की जेथे चुलीपाशी ही गोष्ट निघाली नाही. नुकत्याच जन्मलेल्या जिवाचे रक्षण कोणी करावयाचे आणि कसे, हा प्रश्न त्या दिवशी सर्वांस पडला. एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळापूर्वी हाच प्रश्न कल्याणच्या एका चौदा वर्षांच्या मुलीस पडला होता. तिचे चरित्र आम्ही आज त्या बाजूने सांगणार आहोत.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. त्यांचे माहेर कल्याणचे आणि माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे जुन्या जमीनदार घराण्यातले. परंतु घराण्याचे वैभव ओसरू लागले होते. यमुनेस नववे वर्ष सरते न सरते तोच तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी लावून देण्यात आले. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, टपालखात्यातील नोकर, बिजवर, आणि वयाने पत्नीहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे होते. लग्नापूर्वी त्यांनी एकच अट घातली होती, ती अशी की मुलीस शिकविण्यास कोणी आडकाठी करू नये. हुंड्यापांड्याची अट घालणारे वर त्या काळी घरोघर होते. ही अट ऐकून मंडळी चकित झाली असल्यास नवल नाही.

गोपाळरावांचा स्वभाव विक्षिप्त आणि तापट होता. इतरांच्या घरी स्वयंपाक चुकला म्हणून बायका मार खात. या घरी पुस्तक टाकून स्वयंपाकघरात बसल्याबद्दल बोलणी व मार खावा लागे. चरित्रकारांपैकी काहींनी या गोष्टीचे कौतुक केले आहे. आम्ही तसे करू शकत नाही. विद्या चांगली खरी, पण लहान मुलीच्या अंगावर हात टाकून ती देणे चांगले म्हणता येत नाही, आणि शिक्षकाच्या पेशातील मनुष्याने तर हे अधिकच स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि पत्नीस शिकविण्याचा ध्यास गोपाळरावांनी सोडला नाही, हेही तितकेच खरे आहे. लोकनिंदा, थट्टा, बदल्या, यांपैकी कशानेही ते मागे सरले नाहीत.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई प्रसूत झाल्या आणि त्यांस मुलगा झाला. हे बाळ अवघे दहा दिवस जगले. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी करतात. म्हणजे पाळण्यात घालून नाव ठेवण्याचा दिवस यावयास दोन दिवस उरले असतानाच ते मूल गेले.

त्या काळचे बाळंतपण कसे असे, हे आमच्या विद्यार्थिनींनी आपल्या पणजीबाईंच्या आठवणी सांगणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे. घरातील सर्वांत अंधारी खोली बाळंतिणीस मिळे. दारे-खिडक्या बंद, आत शेगडीचा धूर, आणि विटाळ म्हणून घरच्या माणसांची ये-जा बेताची. नाळ कापण्यास हाताशी येईल ते हत्यार. ते उकळून घ्यावे हे कोणास ठाऊक नसे. अशा नाळेवाटे धनुर्वाताचे विष शिरून कितीतरी बाळे पहिल्या पंधरवड्यात दगावत. कोणी थंडीने गारठून जाई, कोणास दूध ओढण्याची शक्ती नसे, कोणाच्या रक्तात जंतूंचा प्रादुर्भाव होई. सुइणींचा अनुभव मोठा होता आणि त्यांच्या हातून पुष्कळ बाळंतपणे सुखरूप पार पडत, त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु बाळाने दूध टाकले, अंग निळे पडू लागले, की पुढे काय करावयाचे हे सांगणारे कोणी नसे. गावात इंग्रजी पद्धतीचा डॉक्टर असला तरी तो पुरुष. त्यास बाळंतिणीच्या खोलीत बोलाविणे कुलीन घरात अशक्यच मानले जाई. आणि स्त्री डॉक्टर तर नव्हतीच.

वैद्यकीय मदतीवाचून आपले मूल गेले, हे दुःख आनंदीबाईंच्या मनात खोल रुतून बसले. दुःख सर्वच मातांस होते. त्या काळी ज्या घरात एखादे तरी मूल गेले नाही असे घर विरळा, आणि दैवाकडे बोट दाखवून डोळे पुसावयाचे, हीच रीत. या मुलीने मात्र दैवास दोष देऊन गप्प बसण्याऐवजी असा विचार केला की स्त्रियांस व बाळांस औषधपाणी करणारी स्त्री जर देशात नाही, तर ती आपणच का होऊ नये. लिहिण्यावाचण्याची गोडी तिला पूर्वीच लागली होती. आता त्या विद्येस दिशा मिळाली.

त्याच सुमारास युरोपात काय चालले होते, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. पॅरिस येथील प्रसूतिगृहाचे डॉक्टर स्तेफान तार्निए यांनी तेथील प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबविण्याची पेटी पाहिली आणि दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांसाठी तशीच पेटी करून घेतली. लाकडाची पेटी, खाली ऊन पाण्याचे भांडे, वर बाळ, आणि हवा खेळती राहावी म्हणून झरोके; एवढीच ती युक्ती. 1880 साली ती पॅरिसच्या प्रसूतिगृहात वापरात आली. दोन हजार ग्रॅमांहून कमी वजनाच्या बाळांपैकी पूर्वी शेकडा सुमारे 66 दगावत. पेटी आल्यावर हे प्रमाण 38 पर्यंत उतरले. आज आपल्या बायाबापड्या बाळाला काचेत ठेवले आहे किंवा पेटीत ठेवले आहे असे म्हणतात, त्या पेटीचे मूळ हे असे आहे. आनंदीबाईंचे बाळ गेले आणि ही पेटी आली, यांत एकदोन वर्षांचेच अंतर होते. पण कल्याण आणि पॅरिस यांच्यातील अंतर मात्र त्याहून फार मोठे होते.

गोपाळरावांची नोकरी बदलीची होती. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा त्यांचा प्रवास चालू होता. कोल्हापुरास त्यांचा अमेरिकन मिशनऱ्यांशी परिचय झाला आणि पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत सोय होईल काय, अशी त्यांनी पत्राने विचारणा केली. पूर्वी कोल्हापुरात काम केलेले रॉयल वाइल्डर हे तेव्हा अमेरिकेत एक मिशनविषयक मासिक चालवीत. त्यात हा पत्रव्यवहार छापला गेला. मदतीच्या बदल्यात जोशी पतिपत्नींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा असे वाइल्डर यांचे मत पडले, आणि ते जोशी यांनी मानले नाही. आम्ही मिशनच्या शाळेत शिकलो व मिशनच्याच शाळेत शिकवितो, तेव्हा ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस शोभणार नाही. शिकू इच्छिणाऱ्या मुलीपुढे अशी अट ठेवावयास नको होती असे आम्हांस प्रांजळपणे वाटते.

परंतु त्याच छापील पानाने पुढे उपकारही केला. 1880 साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याच्या दारी आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी तेथे पडलेला तो अंक उचलला. ते पत्र वाचून त्यांचे मन इतके द्रवले की त्यांनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंस आपल्या घरी राहावयास बोलाविले. पुढे पत्रांतून दोघींची अशी माया जडली की आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या.

बेत ठरला आणि निंदेस ऊत आला. एकट्या बाईने समुद्र ओलांडावा, तोही नवऱ्यास मागे ठेवून, ही कल्पनाच लोकांस सहन होईना. तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 रोजी सेरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंनी सभेपुढे उभे राहून आपण का जात आहो हे इंग्रजीत सांगितले. या देशातील स्त्रियांस स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे हे त्यांनी मांडले, आणि आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार असेही निक्षून सांगितले. त्या वेळी त्यांचे अठरावे वर्ष चालू होते. आमच्या बारावीच्या मुलींएवढेच हे वय, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

7 एप्रिल 1883 रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कास पोचल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात डीन रेचेल बॉडली यांनी त्यांस प्रवेश दिला. 1850 साली निघालेली ही संस्था त्या काळी स्त्रियांस वैद्यकाची पदवी देणाऱ्या जगातील अगदी मोजक्या ठिकाणांपैकी एक होती. तेथील 1885 सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई लुगडे नेसून बसल्या आहेत, शेजारी जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली आपापल्या देशीच्या वेषात आहेत. तीन देशांच्या तीन मुली एकाच शास्त्रासाठी एका छपराखाली आलेल्या पाहून मन भरून येते.

अभ्यास कठीण होता, त्याहून हवा कठीण होती. बर्फाचा प्रदेश, शाकाहार, अपुरी ऊब, यांमुळे प्रकृती खालावत गेली. खोकला जडला, त्याच्या मागे क्षय होता. तरीही पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. संस्कृत वैद्यकग्रंथांतील विचार आणि अमेरिकेतील पाठ्यग्रंथ या दोहोंचा त्यात आधार घेतलेला आहे. शरीराचे शंभर विषय समोर असता त्यांनी बाळंतपणाचाच विषय का घेतला, याचे उत्तर आम्हांस कल्याणच्या त्या खोलीत दिसते.

11 मार्च 1886 रोजी त्यांस पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या, आणि व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आले. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली याही वैद्यक शिकून बाहेर पडल्या. पहिली कोण यावर मंडळी अजून वाद घालतात. तो वाद आम्ही त्यांच्याकडेच राहू देतो. कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंस आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख नेमिले. वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण कोल्हापुरास रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे होण्यास एक महिना उरला होता. ज्या कामासाठी घरदार सोडिले, त्यासाठी एक दिवसही त्यांस मिळाला नाही. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवलेली आहे.

त्यांच्या मागून आलेल्यांनी ते काम हाती घेतले. रखमाबाई 1894 साली लंडनला डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे वर्षानुवर्षे बायाबाळांची सेवा केली. आणि आमच्या जिल्ह्यास दक्षिणेकडून लागून असलेल्या गडचिरोलीत तर याच विषयाचा एक असा प्रयोग झाला, ज्याची वार्ता जगभर गेली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने 1995 पासून 39 गावांतील साध्यासुध्या स्त्रियांस आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्यास गुंडाळून उबदार ठेवणे, घड्याळ धरून श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची चिन्हे दिसताच ठरलेल्या मात्रेत इंजेक्शन देणे, ही कामे त्या घरोघर जाऊन करू लागल्या. पूर्वी तेथे हजारी सुमारे 62 बाळे पहिल्या महिन्यात जात. तीन वर्षांत ती संख्या सुमारे 25 वर आली. पहिल्या दहा दिवसांत बाळाच्या उशाशी कोणीतरी जाणते माणूस असावे, हीच कल्याणच्या त्या मुलीची मागणी नव्हती काय?

परंतु जाणतेपण हे एकदा मिळवून पेटीत ठेवून देण्याची वस्तू नव्हे. उपचारही बाळास अपाय करू शकतो. 1940 नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांतील उत्तमोत्तम रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांस पेटीत भरपूर प्राणवायू देत असत. बाळे वाचत, पण त्यांपैकी अनेकांची दृष्टी जाई. अशी सुमारे दहा हजार बालके अंध झाल्यावर, 1953–54 साली अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या परीक्षेत दोष अतिरिक्त प्राणवायूचाच असल्याचे सिद्ध झाले. म्हणूनच आज बाळाच्या पावलास बारीक दिवा बांधून रक्तातील प्राणवायू सतत मोजतात, आणि दोन हजार ग्रॅमांहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे असा नियम आहे. पालकांनी ही तपासणी चुकवू नये. बाळ हसतेखेळते दिसले म्हणून ती टाळणारे पुष्कळ आढळतात.

भंडाऱ्यासही तेच झाले. बाळे रस्त्यावर नव्हती; ज्यास आपण सर्वांत सुरक्षित स्थान समजतो त्याच कक्षात होती. ऊब देणारी यंत्रे होती, नळ्या होत्या, वीज होती. विजेच्या दोषातून आग लागली असे चौकशीत निघाले. एकूण सतरा बाळांपैकी सात वाचविता आली. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले. ऊब ही त्या जिवांची पहिली गरज, आणि ती देणारी वीजच अशी उलटली, हे मनातून जात नाही. यंत्र आले म्हणून पाहारा सुटत नाही. उलट तारा, जोडण्या, धुराची सूचना देणारी साधने, बाहेर पडण्याची वाट, आणि रात्री जागे असणारे पुरेसे मनुष्यबळ, या गोष्टींची भर जुन्या काळजीत पडते.

हे सर्व आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मुलांस एक काम दिले. आपण जन्मलो तेव्हा वजन किती होते, कोठे जन्मलो, पेटीत होतो काय, हे आईस विचारून यावे. दुसऱ्या दिवशी पुष्कळांनी नुसत्या गोष्टी आणिल्या. सालेकशाकडून रेल्वेने येणारा एक मुलगा मात्र प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले रुग्णालयाचे कार्ड घेऊन आला. शाईचा रंग उडाला होता, तरी आकडे वाचता येत होते: वजन 1350 ग्रॅम, कक्षात राहिल्याचे दिवस 31, आणि खाली डोळ्यांच्या तपासणीची तारीख. आता तो आमच्या शाळेच्या संघात यष्टिरक्षक आहे. त्याचे बारसे बाराव्या दिवशी झाले नव्हते. आई त्यास घेऊन घरी आल्यावर, चाळिसाव्या दिवशी झाले.